आकडा तोच, आतली माणसं वेगळी : अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मतदारांचं नेमकं काय बदललं?

२००४ साली धाकट्या जॉर्ज बुश यांना ७८ टक्के. २००८ मध्ये जॉन मकेन यांना ७४. २०१२ मध्ये मिट रॉम्नींना पुन्हा ७८. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना ८१ आणि २०२४ मध्ये पुन्हा त्यांनाच ८० च्या वर. अमेरिकेतले गोरे इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदार रिपब्लिकन उमेदवाराला किती मतं देतात, त्याचे हे एक्झिट पोलमधले आकडे. वेगळ्या पद्धतीच्या पाहण्यांत दोन-चार टक्के इकडे-तिकडे होतात, पण पाचातले चार रिपब्लिकन हे गणित काही हलत नाही.

आता ही मतं कोणाकोणाला पडली ते बघा. बुश म्हणजे चाळिशीत दारू सोडून ख्रिस्ताकडे वळल्याची साक्ष स्वतःच्या तोंडाने देणारा माणूस, अगदी यांच्यातलाच. रॉम्नी मॉर्मन होते, आणि मॉर्मन लोक ख्रिस्तीच नव्हेत असं कित्येक इव्हँजेलिकल पाळक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉम्नी नॉर्थ कॅरोलायनात जाऊन म्हाताऱ्या बिली ग्रॅहम यांना भेटले. ग्रॅहम म्हणजे विसाव्या शतकातले सर्वांत मोठे इव्हँजेलिकल प्रचारक. त्या भेटीनंतर काही दिवसांतच ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या भोंदू पंथांच्या यादीतून मॉर्मन पंथाचं नाव गेलं. आणि ट्रम्प? तीन लग्नं, कॅसिनोचा धंदा, आणि देवाकडे क्षमा मागितल्याचं आठवत नाही असं २०१५ मध्ये जाहीरपणे सांगणारा उमेदवार.

इतकी वेगवेगळी माणसं आणि मतांचा आकडा जवळपास एकच. म्हणून बातम्या देणारे दर निवडणुकीनंतर लिहितात की इव्हँजेलिकल मतदार जागचा हलला नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आकडा हलला नाही हे खरं, पण त्यामागचं जवळजवळ सगळं बदललंय. मत कशासाठी द्यायचं, नेत्याकडून काय मागायचं, इतकंच काय, स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणारी माणसं कोण, हे सगळंच.

हे नेमके कोण?

इव्हँजेलिकल हा एखादा संप्रदाय नाही. त्यांना पोप नाही, मुख्यालय नाही, सभासदांची नोंदवही नाही. प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला तो एक मोठा प्रवाह आहे. त्यात बाप्टिस्ट येतात, पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारे पेंटेकोस्टल येतात, काही प्रेस्बिटेरियन येतात आणि कोणाच्याच छत्राखाली नसलेली हजारो स्वतंत्र चर्चही येतात. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने त्यांच्या चार खुणा सांगितल्या आहेत, आणि अभ्यासक अजून त्याच वापरतात. पवित्र शास्त्र हा अंतिम अधिकार. वधस्तंभावरचं ख्रिस्ताचं मरण हा श्रद्धेचा गाभा. प्रत्येकाचं स्वतःचं मनपरिवर्तन, म्हणजे नव्याने जन्मणं. आणि श्रद्धा कृतीत उतरवण्याची धडपड.

या चार खुणांत कुठे करांचा दर नाही, बंदूक नाही, सरहद्दीवरची भिंत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी बहुतेकांना या चारही खुणा लागू पडतात, आणि ते प्रचंड बहुमताने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. दोघांचं शास्त्र एक, स्तोत्रं बरीचशी एक, मतपेटीपाशी मात्र दोन टोकं. म्हणूनच पाहण्या करणाऱ्या संस्था ‘गोरे इव्हँजेलिकल’ असा वेगळा गट मोजतात. यातला ‘गोरे’ हा शब्द सोडून दिला की पुढचं काहीच नीट कळत नाही.

आणखी एक गोष्ट पुढे फार कामाला येणार आहे. हा गट मोजायचा कसा? बहुतेक पाहण्यांत सरळ विचारतात : तुम्ही स्वतःला इव्हँजेलिकल किंवा नव्याने जन्मलेले ख्रिस्ती म्हणवता का? माणूस हो म्हणाला की तो इव्हँजेलिकल. तो चर्चला जातो का, बायबल उघडतो का, हे त्या प्रश्नात येतच नाही.

पूर्वी असं नव्हतं

हा प्रवाह मुळातच उजवा, असं समजणं चूक आहे, आणि मराठी माणसाला ते चटकन पटावं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन. १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, आणि मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा, जी पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. हे सगळे त्या काळचे इव्हँजेलिकलच. त्याच बोर्डाचा सॅम्युएल वूस्टर हा मिशनरी तिकडे जॉर्जियात चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांच्या जमिनीच्या हक्कासाठी उभा राहिला आणि १८३१ मध्ये सक्तमजुरीच्या तुरुंगात गेला. १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. चेरोकींना हाकलायचं ते हाकललंच, पण मिशनरी कोणाच्या बाजूला होता हे विसरायचं कारण नाही. गुलामगिरीविरुद्ध सभा गाजवणारे चार्ल्स फिनी इव्हँजेलिकल होते. आणि गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमता यावं या वादावरून १८४५ मध्ये वेगळं निघालेलं सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, आज अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय, तेही इव्हँजेलिकलच. एकाच शास्त्रातून दोन्ही निघालं.

१९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटनला शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर चाललेल्या खटल्यात डार्विनच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन आजच्या भाषेत कट्टर धार्मिक म्हणावे लागतील. पण हेच ब्रायन शेतकऱ्यांच्या बाजूने बँकांशी भांडणारे नेते होते आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे तीन वेळा अध्यक्षपदाचे उमेदवार होते. तो खटला कागदावर जिंकला, पण वर्तमानपत्रांनी या लोकांची इतकी टर उडवली की पुढे काही दशकं बरेच जण सार्वजनिक जीवनातून मागे सरले. स्वतःची कॉलेजं, स्वतःची रेडिओ स्टेशनं, स्वतःची प्रकाशनं उभी करत राहिले. पुढे राजकारणात उतरायची वेळ आली तेव्हा हे सगळं जाळं तयारच होतं.

डॅलसचं एक चर्च

हा बदल जवळून बघायचा तर टेक्ससमधल्या डॅलस शहरातलं फर्स्ट बाप्टिस्ट चर्च घ्यावं. आज त्याच डॅलसच्या उपनगरांत, प्लेनो-फ्रिस्कोकडे, मराठी कुटुंबं चांगल्या संख्येने राहतात. त्यांच्या शेजारपाजारच्यांची ही गोष्ट आहे.

डब्ल्यू. ए. क्रिसवेल हे १९४४ पासून या चर्चचे पाळक. १९५६ मध्ये त्यांनी साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोर शाळांमध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्याविरुद्ध जहाल भाषण केलं. १९६० मध्ये जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा कॅथलिक माणूस अध्यक्ष झाला तर धर्मस्वातंत्र्य धोक्यात येईल, असं प्रवचन दिलं आणि त्याच्या प्रती दूरवर वाटल्या गेल्या. १९६८ मध्ये सदर्न बाप्टिस्टांचे अध्यक्ष झाल्यावर वंशभेदाबाबतची जुनी भूमिका सोडली, चर्चचं दार सगळ्यांना उघडं आहे असं जाहीर केलं. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेव्हा याच क्रिसवेलांनी समाधान व्यक्त केलं. त्यांचं म्हणणं असं की मूल जन्मून आईपासून वेगळं झाल्यावरच ती स्वतंत्र व्यक्ती होते, असं आपल्याला नेहमीच वाटत आलंय.

आजच्या वाचकाला हे खोटं वाटेल, पण तेव्हा ते जगावेगळं नव्हतं. १९७१ मध्ये सेंट लुइसला भरलेल्या सदर्न बाप्टिस्टांच्या अधिवेशनाने ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. गर्भपाताला विरोध हे तेव्हा बरेच इव्हँजेलिकल कॅथलिकांचं काम समजत. १९८० पर्यंत त्याच संप्रदायाने आईचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपाताला बंदी असावी असा ठराव केला. नऊ वर्षांत एवढी उलटापालट.

त्याच चर्चमध्ये पुढे रॉबर्ट जेफ्रेस पाळक झाले. २०१६ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की क्षमा आणि प्रेम सांगणाऱ्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाप्रमाणे राज्य करणारा अध्यक्ष आपल्याला नको. या पदावर सापडेल तेवढा कठोर, दांडगा माणूस हवा. मे २०१८ मध्ये अमेरिकेचा इस्राएलमधला दूतावास जेरुसलेमला हलला, तेव्हा उद्घाटनाची प्रार्थना याच जेफ्रेसांनी केली. एका व्यासपीठावर साठ वर्षांत इतके सांधे बदलले. यातल्या प्रत्येक वळणाला बायबलमधल्या वचनांचा आधार दिला गेला, आणि देणाऱ्यांनी तो मनापासून दिला असं मला वाटतं.

राजकारणात उतरले ते कशामुळे?

१९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांनी नागरी हक्कांच्या मोर्चांत उतरणाऱ्या पाळकांवर टीका करणारं प्रवचन दिलं. पाळकाला बोलावणं आहे ते आत्मे जिंकायचं, राजकारण करायचं नाही, हा त्याचा आशय. १९७९ मध्ये त्याच फॉलवेलांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली आणि मतदारनोंदणीची मोहीम चर्चच्या दारात आणली. मधल्या चौदा वर्षांत काय झालं?

सरळ उत्तर दिलं जातं : गर्भपात. ते अर्धंच खरं आहे. दुसरं कारण कराचं होतं. शाळांमधला वंशभेद कोर्टाने बंद केल्यावर दक्षिणेत गोऱ्यांच्या खासगी ख्रिस्ती शाळा भराभर निघाल्या. १९७० च्या दशकात सरकारने ठरवलं की वंशभेद पाळणाऱ्या शाळेला करसवलत नाही. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाने काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला बंदी घातली होती. १९७६ मध्ये त्याची करसवलत काढून घेतली गेली. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी विद्यापीठ हरलं. ती बंदी विद्यापीठाने उठवली ती थेट २००० साली. सरकार आपल्या शाळांत हात घालतंय, ही भावना हजारो मंडळ्यांत पसरली, आणि पॉल वेरिक यांच्यासारख्या राजकीय संघटकांनी ती बरोबर हेरली.

शाळा की गर्भपात, खरी ठिणगी कुठली, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला स्वतःला दोन्ही एकमेकांत गुंतलेले दिसतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गर्भपातांची वाढती संख्या पाहून खरोखर हादरलेली सामान्य माणसं होती. त्यांना खोटं ठरवणं अन्याय होईल. पण संघटनेमागच्या सुरुवातीच्या रागात शाळांच्या प्रश्नाचा मोठा वाटा होता, हेही कागदोपत्री आहे.

१९७६ मध्ये अध्यक्षपदी निवडून आलेले जिमी कार्टर रविवारच्या शाळेत शिकवणारे, नव्याने जन्मल्याचं अभिमानाने सांगणारे सदर्न बाप्टिस्ट. चारच वर्षांनी यातल्या बहुतेक गोऱ्या मतदारांनी त्यांना सोडलं आणि रोनाल्ड रेगन यांना निवडलं. रेगन घटस्फोटित, हॉलिवूडचे नट, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करण्यावर सही करणारे. ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसलाच हजारो पाळक-कार्यकर्त्यांची सभा भरली. तिथे रेगन म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. चर्चना करसवलत टिकवायची तर उमेदवाराचा प्रचार करता येत नसे, त्याचा तो संदर्भ. श्रोते उठून उभे राहिले. आपल्यातला माणूस आणि आपल्या बाजूचा माणूस यांत निवड करायची झाली, तर दुसरा निवडायचा, हे तेव्हाच ठरलं. फक्त कबूल करायला आणखी ३६ वर्षं लागली.

चारित्र्याचा प्रश्न

अध्यक्ष बिल क्लिंटन यांचं विवाहबाह्य संबंधांचं प्रकरण गाजत होतं तेव्हा, १९९८ मध्ये, सदर्न बाप्टिस्टांनी सार्वजनिक पदावरच्या माणसांच्या चारित्र्यावर ठराव केला. नेत्याचं गंभीर पाप खपवून घेतलं तर सगळ्या समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते आणि देवाचा न्याय ओढवतो, असा त्याचा मथितार्थ होता.

२०११ मध्ये पीआरआरआय या पाहण्या करणाऱ्या संस्थेने विचारलं : खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का? गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी फक्त ३० टक्के हो म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा हो म्हणणारे ७२ टक्के निघाले. देशातल्या सगळ्या धार्मिक गटांत जे या बाबतीत सर्वांत कडक होते, ते पाच वर्षांत सर्वांत सैल झाले. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा. ८१ टक्क्यांपेक्षाही महत्त्वाचा, कारण ८१ मध्ये जे दिसत नाही ते यात दिसतं.

हे ढोंग आहे असं म्हणून विषय संपवता येतो, पण त्याने काही कळत नाही. त्या माणसांच्या जागी बसून बघावं लागतं. जून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाह सगळ्या राज्यांत कायदेशीर केला. एका पिढीपूर्वी समाजात जे मत सर्वमान्य होतं, ते धरून बसल्याबद्दल आता नोकरी जाईल, दुकानावर खटला होईल, शाळेची मान्यता जाईल, अशी भीती घराघरांत बोलली जाऊ लागली. संख्याही घटत होती. पीआरआरआयच्याच मोजणीत २००६ मध्ये गोरे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट अमेरिकेच्या लोकसंख्येत २३ टक्के होते, २०२० मध्ये १४ टक्क्यांच्या आसपास आले. सदर्न बाप्टिस्टांची सभासदसंख्या २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होती, ती आता १ कोटी ३० लाखांच्या खाली आहे. आपण बहुसंख्य आहोत असं वाटतं तेव्हा माणूस आदर्श नेता मागतो. आपण घेरलो गेलोय असं वाटलं की राखणदार मागतो.

जानेवारी २०१६ मध्ये ट्रम्प फॉलवेलांनीच स्थापन केलेल्या लिबर्टी विद्यापीठात बोलायला गेले. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचं नाव त्यांनी ‘टू करिंथियन्स’ असं घेतलं. लहानपणापासून चर्चमध्ये वाढलेला कोणीही अमेरिकी ‘सेकंड करिंथियन्स’ म्हणतो, म्हणून विद्यार्थी हसले. पण याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती धर्माचं रक्षण करू असं आश्वासन दिलं, आणि तेच टिकलं. काही प्रचारकांनी दाखला दिला तो बायबलमधल्या यशया या ग्रंथाच्या ४५ व्या अध्यायातल्या कोरेश (सायरस) राजाचा. कोरेश परधर्मी, देवाला न ओळखणारा, तरी देवाने आपल्या लोकांच्या सुटकेसाठी त्याला वापरला. हा दाखला एकदा मान्य झाला की नेत्याच्या चारित्र्याचा प्रश्नच उरत नाही. कोरेशाने प्रार्थना करावी अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही.

आणि सौदा पुराही झाला. सुप्रीम कोर्टावर तीन न्यायाधीश नेमले गेले आणि २४ जून २०२२ रोजी रो विरुद्ध वेडचा निकाल रद्द झाला. तो रद्द करणाऱ्यांत बहुतेक न्यायाधीश कॅथलिक होते. केनेडींविरुद्धचं १९६० चं प्रवचन आठवलं की किती पाणी वाहून गेलं ते कळतं.

आकडा का हलत नाही?

आता त्या मोजणीच्या प्रश्नाकडे येऊ. गावातल्या एखाद्या भजनी मंडळात वाद झाला, ज्यांचं पटलं नाही ते यायचे बंद झाले, आणि टाळही न धरणारे पण मंडळाच्या भांडणात रस असलेले काही जण सभासद म्हणवू लागले, तर मंडळाचं मत कायम एकमुखी दिसेल. मत कोणाचंच बदललं नसेल, माणसं बदलली असतील.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलंय. प्यू रिसर्च सेंटरने तीच तीच माणसं २०१६ आणि २०२० मध्ये पुन्हा तपासली. २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणवणाऱ्या गोऱ्या ट्रम्प समर्थकांपैकी १६ टक्के २०२० पर्यंत तसं म्हणवू लागले होते. ट्रम्प न आवडणाऱ्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम १ टक्का. रायन बर्ज हे राज्यशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं दाखवत आलेत की क्वचितच चर्चला जाणारे, अगदी काही कॅथलिकही, पाहणीत स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतात. त्यांच्या लेखी तो शब्द ‘धार्मिक आणि रिपब्लिकन’ एवढंच सांगतो.

दुसऱ्या दाराने माणसं बाहेरही पडली. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ हे बिली ग्रॅहम यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं मासिक. डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे संपादक मार्क गॅली यांनी ट्रम्प यांना पदावरून दूर करावं असा अग्रलेख लिहिला. सदर्न बाप्टिस्टांच्या सार्वजनिक धोरण विभागाचे प्रमुख रसेल मूर सुरुवातीपासून विरोधात होते. २०२१ मध्ये त्यांनी पद आणि संप्रदाय दोन्ही सोडलं. त्याच वर्षी बेथ मूर गेल्या. या दोघांचं नातं नाही, आडनाव योगायोगाने एकच. बायकांच्या बायबल अभ्यासवर्गांतून लाखो घरांत पोचलेली ही शिक्षिका. या तिघांपैकी एकानेही श्रद्धा सोडली नाही. पण तरुणांतले कित्येक जण, विशेषतः चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं २०१९ आणि २०२२ मध्ये बाहेर आल्यावर, शांतपणे ‘कुठलाच धर्म नाही’ या रकान्यात गेले. पुढच्या पाहणीत ते इव्हँजेलिकलांमध्ये मोजलेच जात नाहीत. विरोध करणारा मोजणीतूनच बाहेर पडतो, आणि ८१ टक्के जिथल्या तिथे राहतात.

भेगा कुठे दिसतात?

गर्भपातावरच. २०२२ नंतर प्रश्न लोकांसमोर गेला तेव्हा कॅन्ससमध्ये, ओहायोत, म्हणजे रिपब्लिकन राज्यांतही, मतदारांनी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. ट्रम्प यांनी वारा ओळखला. एप्रिल २०२४ मध्ये ते म्हणाले, हे राज्यांनी ठरवावं. जुलैमध्ये पक्षाच्या जाहीरनाम्यातून देशव्यापी बंदीची चाळीस वर्षांची मागणी गेली. जूनमध्ये सदर्न बाप्टिस्टांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत भ्रूण नष्ट होतात म्हणून चिंता व्यक्त करणारा ठराव केला होता. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी त्याच उपचारांचा खर्च सरकार किंवा विमा कंपन्या देतील असं आश्वासन दिलं. ट्रम्प यांचेच माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यासारख्यांनी जाहीर नाराजी दाखवली. नोव्हेंबरमध्ये मतं पडली ती तेवढीच. ज्या प्रश्नासाठी आपण मत देतो असं चाळीस वर्षं सांगितलं, त्याच प्रश्नावर नेता मागे सरला, तरी मत मागे सरलं नाही. मत आता एखाद्या धोरणासाठी नाही, आपल्या गटासाठी पडतंय, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

इस्राएलच्या बाबतीत पिढीचा फरक आहे. १९४८ ची स्थापना म्हणजे भविष्यवाणी पुरी झाली, अंतकाळ जवळ आला, अशा शिकवणीवर आधीची पिढी वाढली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या पेम्ब्रोक इथल्या संशोधकांनी तिशीच्या आतल्या इव्हँजेलिकलांना २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये विचारलं, तेव्हा इस्राएलच्या बाजूने असणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं दिसलं. आणि हे गाझाच्या युद्धाआधीचं.

मला सर्वांत जास्त टोचतो तो मदतकार्याचा मुद्दा. २००३ मध्ये धाकट्या बुश यांनी आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी पेपफार ही योजना आणली. त्यामागे इव्हँजेलिकल संघटनांचा मोठा रेटा होता. सुमारे अडीच कोटी जीव वाचले असं अमेरिकेचं सरकारच सांगत आलं. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली गेली, पेपफारचं काम विस्कटलं, आणि जुलैपर्यंत यूएसएआयडी ही परदेशी मदत देणारी सरकारी संस्थाच संपवण्यात आली. त्याच जानेवारीत निर्वासितांना वसवण्याचा कार्यक्रम थांबला आणि ‘वर्ल्ड रिलीफ’ या संस्थेचा आधार तुटला. ती अमेरिकेतल्या इव्हँजेलिकलांच्या राष्ट्रीय संघटनेनेच काढलेली संस्था आहे. निर्वासित कुटुंबांना विमानतळावर घ्यायला जाणारे, त्यांच्या मुलांना शाळेत नेऊन सोडणारे स्वयंसेवक चर्चमधूनच यायचे. त्यांनी पत्रं लिहिली, खासदारांना फोन केले. हे लोक इव्हँजेलिकल नाहीत असं कोण म्हणेल? पण संघटित राजकीय आवाज म्हणून ते फारसे ऐकूच आले नाहीत.

नवी मंडळी

गोऱ्या इव्हँजेलिकलांची संख्या घटत असताना स्पॅनिश बोलणाऱ्या मंडळ्या वाढताहेत, मुख्यतः पेंटेकोस्टल. इथे आपल्या मातीचा एक धागा आहे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याचं मोठं संजीवन, म्हणजे सामूहिक धर्मजागृती, झालं. तिथे काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकी बाईंनी त्याची हकिगत लिहून चिलीतल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली, आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली त्यामागे त्या पुस्तिकेचा हात होता. लॅटिन अमेरिकेतल्या पेंटेकोस्टल इतिहासात केडगावचं नाव येतं ते असं.

अमेरिकेतल्या या लॅटिनो प्रोटेस्टंटांनी २०२४ मध्ये बहुमताने ट्रम्प यांना मत दिलं. गर्भपात, कुटुंब, लिंगभावाचं शिक्षण या प्रश्नांवर ते गोऱ्या इव्हँजेलिकलांच्या शेजारी उभे आहेत, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या श्रद्धेतून. पण जानेवारी २०२५ मध्ये चर्चच्या आवारात स्थलांतर खात्याने कारवाई टाळावी हा जुना नियम रद्द झाला. इव्हँजेलिकल आणि कॅथलिक संघटनांनी मिळून त्याच वर्षी काढलेल्या अहवालाचा अंदाज असा की अमेरिकेतल्या दर १२ ख्रिस्ती व्यक्तींपैकी एक जण एक तर स्वतः हद्दपारीच्या छायेत आहे किंवा तसं माणूस त्याच्या घरात आहे. स्पॅनिश मंडळ्यांत हा प्रश्न दर रविवारी समोर बसलेला असतो. पाळकाने गर्भपाताविरुद्ध प्रवचन दिलं की तोच मतदार मान डोलावतो, आणि उपासना संपली की तोच पाळकाला विचारतो, माझ्या भावाला पकडलं तर वकील कोण देईल?

गोऱ्या मतदारांच्या बाबतीत श्रद्धा, पक्ष आणि गट हे तिन्ही एका रेषेत आले आहेत, म्हणून आकडा थिजलाय. या मंडळ्यांत ते तिन्ही अजून वेगवेगळ्या दिशांना ओढतात. टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोनात त्यांची मतं निकाल फिरवू शकतील इतकी आहेत, आणि दोन्ही पक्षांना ती कायमची आपली समजता येत नाहीत. नोव्हेंबर २०२६ ची मध्यावधी निवडणूक ही हद्दपारीच्या मोहिमेनंतरची त्यांची पहिली देशव्यापी परीक्षा आहे.